दुसऱ्यांदा विचारलेला हाल

ग्रानाझ नऊ वर्षांची होती तेव्हा तिच्याकडे नोकजू गावातलं एक जबाबदारीचं काम होतं. विहिरीत ऊन उतरवायचं.

तिचा बाप सब्झल कहन साफ करणारा. डोंगराच्या पायथ्याशी आमची आईविहीर आहे. तिचं पाणी जमिनीखालच्या भुयारातून दोन कोस चालत येतं आणि गावाच्या वरच्या अंगाला उजेडात येतं. हीच आमची कहन. गावातली खजुराची झाडं, लसूणघास, बकऱ्या आणि माणसं, सगळी तिच्यावर. वाटेत भुयारावर ठिकठिकाणी विहिरी पाडलेल्या आहेत. त्यांतून उतरून गाळ काढायचा. खाली अंधार असतो आणि कंदील नेला तर धुराने जीव घुसमटतो. म्हणून वर काठावर कुणीतरी आरसा धरून बसतं आणि ऊन खाली सोडतं. सब्झलची बायको लवकर गेली, मुलगा नव्हता, तेव्हा आरसा ग्रानाझच्या हातात आला. सूर्य सरकला की आरसा सरकवायचा. तिचा डोळा लागला की खालून बापाची शिवी वर यायची, आणि विहिरीतून आलेली शिवी चांगली घुमते.

यामुळे ती शाळेत उशिरा यायची. एकदा मी दरडावून विचारलं, "का गं उशीर?"

"उस्ताद, आज सूर्य ढगात होता. मग काम लांबलं."

यावर काय शिक्षा करावी ते मला सुचलं नाही. मला वेळेवर फारसं काही सुचत नाही. चाळीस वर्षं मुलांना निबंध लिहायला लावले, पण स्वतः लिहायची वेळ कधी आली नाही, म्हणून हे जे लिहितो आहे त्यात मागचं पुढे झालं असेल तर सांभाळून घ्या.

मुलगी हुशार होती असं आता सगळेच म्हणतात. तेव्हा ती फक्त हट्टी आहे असं म्हणायचे. क्वेट्ट्याच्या कॉलेजात गेली, तिथून पहिली आली आणि एक दिवस कागद घेऊन घरी आली. जर्मनीतल्या एका विद्यापीठात जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास करायला तिला बोलावलं होतं. फी माफ. पण जायचं कसं, थंडीत घालायचं काय, हे त्या कागदात नव्हतं.

सब्झलने कहुदा जंगियानच्या अंगणात गाव जमवलं. कहुदा म्हणजे आमचा गावप्रमुख. पंचाहत्तरीचा, लांब दाढीचा, आणि न्याय करताना दाढी कुरवाळणारा. दाढी जितकी कुरवाळेल तितका न्याय लांबतो.

"बिजार मागतोय," सब्झल म्हणाला.

बिजार आमच्यात लग्नाला असते. नवऱ्यामुलाने दारोदार जायचं आणि ज्याने त्याने जमेल ते द्यायचं, बकरी, गोधडी, खजुराची टोपली. ते फेडायचं नसतं. त्याच्या घरी लग्न निघालं की आपण उठून जायचं, एवढंच.

"बिजार लग्नाला असते," कहुदा म्हणाला. "मयतीत दिलेली पाहिली आहे. माझ्या बापाचा उंट कड्यावरून पडला तेव्हाही झाली. पण पुस्तकासाठी बिजार मी ऐकली नाही."

"मग लग्न समजा."

"कुणाशी?"

"त्या विद्यापीठाशी."

कहुदाचा हात दाढीकडे गेला. "घराणं कसं आहे?"

"उस्ताद सांगतील."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. "जुनं आहे," मी म्हणालो. "चार-पाचशे वर्षांचं."

"कमावतं आहे का?"

"नाही. सरकार पोसतं."

"म्हणजे नवरा ऐतखाऊ!" भिंतीपलीकडे बायका बसल्या होत्या, तिथून दूरबीबीचा आवाज आला. सगळं अंगण हसलं आणि हसण्याच्या गडबडीत बिजार मंजूर झाली.

लग्नच मानलं, तेव्हा आहेरही लग्नाचेच आले. सात बकऱ्या आल्या, गोधड्या आल्या, तांब्याची परात आली, आणि चार बायकांनी दोन महिने खपून भरतकामाचा झगा शिवला, छातीपासून घोट्यापर्यंत भरलेला, पुढे मोठा खिसा असलेला. एका म्हातारीने पाळण्याची दोरी दिली. तिला कुणी समजावायला गेलं नाही. तुर्बतच्या बाजारात बकऱ्यांचा एक कोट झाला. परात, गोधड्या आणि दोरी सब्झलच्या घरात राहिली. झगा, कोट आणि खजूर एवढं घेऊन ग्रानाझ सासरी गेली.

पुढचं सांगायच्या आधी आमच्या हालहवालाबद्दल बोललं पाहिजे, कारण सगळा घोटाळा त्यातला आहे.

पाहुणा आला की त्याला पाणी द्यायचं आणि कहुदाने म्हणायचं, "हाल दे." पाहुण्याने म्हणायचं, "खैर आहे," म्हणजे सगळं ठीक. घर जळालेलं असो, भाऊ गेलेला असो, पहिलं उत्तर खैरच. आल्या आल्या वाईट बातमी यजमानाच्या तोंडावर फेकणं हा उद्धटपणा. मग खजूर येतात, काळा चहा येतो. चहा संपला की कहुदा पुन्हा म्हणतो, "आणखी काय हाल?" तेव्हा पाहुणा घसा साफ करतो आणि घर कसं जळालं ते पहिल्यापासून सांगतो. आता त्याने खोटं बोलायचं नसतं आणि कुणी त्याला मध्ये तोडायचं नसतं. सांगून झालं की त्याने यजमानाला तसंच दोनदा विचारायचं. हे आम्हांला कुणी शिकवत नाही. लहान मूल चालायला शिकतं तसं येतं.

ग्रानाझ दर शुक्रवारी फोन करायची. नोकजूमध्ये फोन फक्त कबरस्तानाशेजारच्या टेकाडावर लागतो. तिथे सब्झल उभा राहायचा आणि त्याच्या मागे अर्धं गाव रांगेत, कारण प्रत्येकाला वाटायचं की आपली गोधडी लागली आहे तेव्हा आपल्याशीही बोललं पाहिजे.

"कशी आहेस पोरी?"

"खैर आहे अब्बा. तुम्ही?"

"खैर."

एवढ्यात मागून कुणीतरी फोन ओढून घ्यायचं, किंवा वारा सुटून आवाज तुटायचा. तीन वर्षं असंच चाललं. टेकाडावर चहा नव्हता, म्हणून दुसरा प्रश्नही कधी आला नाही.

तिकडे तिला आपल्या खोऱ्यातली आणखी मुलं भेटली. कुणी स्वीडनमध्ये, कुणी हॉलंडमध्ये, कुणी इंग्लंडमध्ये. अकरा जण मिळून त्यांनी एक मंडळ केलं आणि गावाकडे मदत पाठवायचं ठरवलं. पहिली मदत खोक्यातून आली. पाण्यात बुडवायच्या कागदाच्या पट्ट्या होत्या. पाणी जसं असेल तसा पट्टीचा रंग बदलायचा. आमच्या कहनीच्या पाण्यात पट्टी सुरेख गुलाबी झाली. त्याचा अर्थ काय ते खोक्यातल्या कागदावर जर्मन भाषेत लिहिलं होतं. दूरबीबीने एक पट्टी खिशात घालून तुर्बतला नेली आणि दुकानदाराला म्हणाली, "ह्या रंगाचा रेशमी दोरा दे." मिळाला नाही. अजून ती त्या दुकानदाराला नावं ठेवते.

दुसरी मदत मात्र थट्टेत घालवण्यासारखी नाही. आमची शाळा पाचवीपर्यंत. पुढे मुली घरी बसायच्या. ग्रानाझ आणि तिची एक मैत्रीण आठवड्यातून तीन दिवस फोनवरून त्यांना गणित आणि विज्ञान शिकवायला लागल्या. मुली टेकाडावर, कबरींच्या मधल्या जागेत, पाटी घेऊन बसायच्या. आमचे वाडवडील आयुष्यभर अंगठा उठवून गेले. आता डोक्याशी बीजगणित ऐकतात. त्यातल्या दोन मुली आज तुर्बतच्या कॉलेजात आहेत. ग्रानाझ आपल्या हट्टाने गेली, ती सोडली तर मी चाळीस वर्षांत एकही मुलगी तिथवर पोचवली नव्हती.

तिसऱ्या वर्षी मोठी मदत ठरली. तिकडच्या एका संस्थेने आमच्या खोऱ्यातल्या एका गावाला पाण्याची योजना करून द्यायचं कबूल केलं. गाव कोणतं ते मंडळाने निवडायचं. मुलं शिकलेली. त्यांनी ठरवलं की ज्याने त्याने आपलं गाव ओढायचं नाही. सोळा गावांना फॉर्म पाठवायचा आणि ज्याची गरज मोठी त्याला योजना द्यायची. फॉर्ममधले चाळीस प्रश्न ग्रानाझने स्वतः लिहिले.

आमच्या गावाचा फॉर्म माझ्याकडे आला. मी घरोघर फिरलो.

कहुदाच्या अंगणापासून सुरुवात केली. वाचलं, "गेल्या वर्षभरात गावात कशाची टंचाई भासली?"

कहुदाने विचार केला. "पाहुण्यांची."

"असं लिहू?"

"लिही. आठ महिने कुणी बाहेरचं फिरकलं नाही."

मी लिहिलं. मग सब्झलकडे गेलो. तो दोर वळत बसला होता.

"घराला आणि झाडांना पाणी पुरतं का?"

"खैर आहे."

"पुरतं, असं लिहायचं?"

"मग काय लिहिणार? मुलीने एवढ्या लांबून विचारलंय. बाप पहिल्याच दमात रडगाणं लावेल?"

मला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं की मला माहीत आहे. माझ्या लहानपणी कहनीच्या तोंडाशी पाणी गुडघ्याला लागायचं. आता घोटा जेमतेम बुडत होता. खालच्या अंगाची खजुराची झाडं शेंड्याकडून पिवळी पडत होती. पण मी लिहिलं, "पुरतं," आणि खाली त्याचा अंगठा घेतला. माझ्या घरी गेलो, माझ्याच घराची उत्तरं भरायला बसलो आणि तिथेही लिहिलं, "पुरतं." फॉर्ममध्ये दुसरा प्रश्न कुठे दिसतो का ते मी कागद उलटून पाहिलं. नव्हता. कागदाला चहा पाजता येत नाही.

दोन महिन्यांनी निकाल टेकाडावर वाचून दाखवला. सोळा गावांत नोकजूची गरज सगळ्यांत कमी. मंडळाच्या कागदावर आम्ही खोऱ्यातलं सगळ्यांत सुखी गाव ठरलो. सगळ्यांत गरजू म्हणून शेजारच्या कौरबुनला योजना मिळाली. खोल बोअर आणि उन्हावर चालणारा पंप. कौरबुनचा फॉर्म एका तरुणाने भरला होता. तो कराचीत अशा एका कचेरीत राहून आला होता जिची सगळी कमाईच फॉर्म भरण्यावर होती. त्याने लिहिलं होतं की गावात एकही बकरी उरलेली नाही. हे वाचलं जात असताना कौरबुनच्या बकऱ्या आमच्या लसूणघासात चरत होत्या.

कहुदा हरखून गेला. "सोळा गावांत पहिले!" असं म्हणून त्याने खजूर वाटले. शेवटचे आलो म्हणूनच पहिले आलो, हे मी समजावायचा प्रयत्न केला, पण माझा आवाज लहान आहे.

सब्झलने खजूर घेतला नाही. दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला.

"उस्ताद, बोअर कुठे पाडणार आहेत ठाऊक आहे? आपल्या आईविहिरीपासून तीनशे पावलांवर."

"मग?"

"मग काय? त्यांचा पाइप आपल्या विहिरीच्या दुप्पट खोल जाणार. दिवसभर ओढणार. पलीकडच्या खोऱ्यात मी दोन कहनी अशाच मेलेल्या बघितल्यात. दोन उन्हाळे. त्यानंतर ह्या भुयारात साळिंदरं राहतील."

"तिला सांगा."

"काय सांगू? पोरीचं पहिलं मोठं काम आहे. आणि बापाने लिहून दिलंय की पाणी पुरतं. आता बदललं तर अकरा जणांसमोर तिचा बाप खोटा."

"पण कहन?"

तो उठून चपला घालायला लागला. त्याच्या बापाने त्या भुयारात गाळ काढला, आज्याने काढला, एक चुलता त्यातच गाडला गेला. आणि आता ती कहन त्याची मुलगी मारणार होती, जर्मनीहून, चांगल्या हेतूने आणि त्याच्याच अंगठ्यावर.

त्या शुक्रवारी मी रांगेत उभा राहिलो. रांगेत उभा राहून काय बोलायचं ते मनात पक्कं केलं. माझा नंबर आला. ग्रानाझ म्हणाली, "उस्ताद! कसे आहात?" मी म्हणालो, "खैर आहे," आणि फोन पुढच्या माणसाला दिला.

हामीनच्या दिवसांत, खजूर पिकतात तेव्हा, बोअरची जागा आखायला ग्रानाझ आली. सोबत तिच्या प्रोफेसर आनेट बाई होत्या, साठीच्या, उंच, उन्हाने नाक लाल झालेलं. दुसऱ्या दिवशी कौरबुनला जाऊन काम सुरू करून द्यायचं होतं. पण बाईंना आधी नोकजू पाहायचं होतं. सगळ्यांत सुखी गाव पाण्याची व्यवस्था कशी ठेवतं ते त्यांना शिकायचं होतं. त्यासाठी त्यांनी नवी वही आणली होती.

कहुदाच्या अंगणात चटया पसरल्या. भिंतीपलीकडे बायका बसल्या. ग्रानाझने तोच भरतकामाचा झगा घातला होता. ताक दिलं गेलं. बाईंनी विचारलं, ग्रानाझने सांगितलं, "ह्या विचारतायत, पाण्याचं इतकं चांगलं कसं काय जमवलंत?"

"खैर आहे," कहुदा म्हणाला, आणि मग त्याच्या आज्याने कहन कशी राखली याची गोष्ट त्याने सुरू केली. आज्याच्या काळात कहन खरंच चांगली होती. बाईंनी दोन पानं भरली.

गोष्ट संपली तेव्हा कहुदाला रीत आठवली. लांबून आलेल्याने हाल द्यायचा. "ग्रानाझ, हाल दे."

"खैर आहे, कहुदा."

खजूर आले. चहा आला. चहा संपला. कहुदाने बाईंकडे वळून आज्याची दुसरी गोष्ट काढली. लेकीला दुसऱ्यांदा विचारायचं त्याच्या मनातही आलं नाही. तिचं खैर तीन वर्षं टेकाडावर सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि सुखी माणसाला कोण खोदून विचारतं?

सब्झल मात्र बोलण्याकडे लक्ष न देता तिच्या हातांकडे बघत होता. हात तिच्या मांडीवर होते. बोटांची टोकं सोललेली, सांध्यांवर भेगा. दगडमातीत आयुष्य गेलेल्या माणसाला हात वाचता येतात. वही-पुस्तकाने असे हात होत नाहीत.

"पोरी," तो म्हणाला. कहुदाची गोष्ट मध्येच तुटली. "आणखी काय हाल?"

ग्रानाझने मान वर केली. विचारलं होतं बापाने, आणि चहा संपलेला होता. आता खोटं बोलायची सोय नव्हती.

"पहिल्या वर्षी मी नापास झाले अब्बा," ती म्हणाली. "दोन विषयांत. भाषाच कळत नव्हती. पुन्हा बसले. राहायचं महाग आहे, म्हणून एका खाणावळीत भांडी घासते. रोज दुपारी, गरम पाण्यात, पावडरने. कोट पहिल्याच थंडीत गाडीत चोरीला गेला. तुमच्या बकऱ्यांचा कोट. मग हाच झगा जुन्या स्वेटरवर घालून फिरायचे. लोक वळून बघायचे. गेल्या हिवाळ्यात फुप्फुसाला सूज आली. दवाखान्यात सतरा दिवस होते. त्यातल्या दोन शुक्रवारी मी तिथूनच फोन केला."

"आणि काय म्हणालीस?" सब्झलने विचारलं. हालात मध्ये बोलायचं नसतं. त्याला कुणी काही म्हणालं नाही.

"खैर आहे, म्हणाले."

भिंतीपलीकडून कुणाच्या तरी रडण्याचा आवाज आला, आणि दूरबीबीचा: "मी म्हटलं होतं. नवरा ऐतखाऊ!"

"हा माझा हाल," ग्रानाझने रीतीप्रमाणे संपवलं. मग रीतीप्रमाणेच विचारलं, "अब्बा, तुमचा हाल?"

"खैर आहे."

ग्रानाझ थांबली. ती उठली, किटली घेतली, बापाच्या पेल्यात चहा ओतला, खजुराची थाळी त्याच्यापुढे सारली आणि समोर बसून राहिली. त्याने सावकाश चहा प्यायला. पेला रिकामा होऊन खाली टेकला.

"आणखी काय हाल, अब्बा?"

सब्झल विहिरीचं माप सांगतो तसा सांगत गेला. कहनीच्या तोंडाशी पाणी घोट्यावर दोन बोटं. आईविहिरीची एक भिंत खचली आहे. तिसऱ्या आणि सातव्या विहिरीत भुयार अर्धं बुजलं आहे. खालच्या अंगाची झाडं चालली. आणि बोअर पडली तर उरलेलं दोन उन्हाळ्यांत संपेल. आवाज कुठे चढला नाही, कुठे उतरला नाही.

"मग फॉर्मवर..." ग्रानाझ म्हणाली.

"फॉर्मने एकदाच विचारलं."

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं रडते आहे. हसत होती, किंवा दोन्ही. "चाळीस प्रश्न मी लिहिले," ती म्हणाली. "आम्ही अकरा जणांनी चार वेळा तपासले. अकराही आपल्यातलेच. एकालाही आठवलं नाही."

"मनाला लावून घेऊ नकोस," कहुदा म्हणाला. "लग्न होऊन गेलेली मुलगी. सासरचं वळण लागायचंच."

आनेट बाई तासभर काही न कळता बसून होत्या. ग्रानाझ त्यांच्याकडे वळली आणि त्यांच्या भाषेत बोलायला लागली. बरंच बोलली. बाईंनी वही उघडली, भरलेली दोन पानं पाहिली आणि दोन्हींवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ ओढली. मग त्यांनी पेला पुढे करून चहा मागितला. एवढं त्यांना कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सब्झल आईविहिरीत उतरला. वर ग्रानाझ आरसा घेऊन बसली. बाई काठावर पालथ्या पडून खाली बघत होत्या आणि माप लिहीत होत्या. एकदा ग्रानाझचा हात ढळला आणि खालून जुनी शिवी घुमत वर आली. बाईंनी अर्थ विचारला. ग्रानाझ म्हणाली, "ते म्हणतायत, उजेड थोडा डावीकडे."

मापं पाहून बोअर दूर न्यायची आणि आईविहीर दुरुस्त करायची असं दोघींनी ठरवलं, पण त्यासाठी कौरबुनचं मन वळवायला हवं होतं. मिळालेली बोअर कोण सोडेल, असं आम्ही म्हणत होतो. पण त्यांचा म्हातारा प्रमुख शाहमुराद आधीच रागाने धुमसत होता. "परदेशात आमच्या गावाचं नाव कंगाल म्हणून वाचलं!" तो म्हणाला. "एकही बकरी नाही म्हणे! माझ्या एकट्याच्या एकवीस आहेत." त्याची एकच अट होती. बोअर हलवा, उथळ करा, नदीच्या पात्राजवळ न्या, काय हवं ते करा, पण कागदावर बकऱ्यांचा आकडा खरा घाला.

आकडा खरा झाला. बोअर खाली नदीजवळ गेली, पिण्यापुरती. पण संस्थेला हे पटवायला वर्ष गेलं, कारण एकाच गावाने एकाच प्रश्नाला दोन उत्तरं दिली होती आणि त्यांच्या नियमात अशा गावासाठी रकाना नव्हता. शेवटी मदत निम्मी झाली. तेवढ्या पैशात आईविहिरीचे दगड आले. मजुरीचं काही उरलं नाही. विहीर गावानेच श्रमदानाने बांधली, आणि कौरबुनहून वीस माणसं न बोलावता आली. शाहमुराद म्हणाला, बकऱ्यांनी तुमचा घास खाल्ला आहे. संस्थेच्या अहवालात ही वीस माणसं कुठेच नाहीत. ग्रानाझने लिहिली होती. त्यांनी काढून टाकली.

पाणी गुडघ्याला लागत नाही. पोटरीला लागतं. खालच्या अंगाची झाडं गेली ती गेलीच.

मंडळाने पुढच्या वर्षी दुसऱ्या गावासाठी फॉर्म काढला. तो मी पाहिला. त्यात वीसच प्रश्न आहेत, पण प्रत्येक प्रश्न दोनदा छापलेला आहे, आणि दोहोंच्या मध्ये बारीक अक्षरांत लिहिलं आहे, "येथे चहा द्यावा." संस्थेने विचारलं म्हणे, ही छपाईची चूक आहे का. ग्रानाझने कळवलं, नाही, आमच्याकडे फॉर्म असेच भरतात.

ती अजून तिकडे आहे. एक वर्ष राहिलं. दूरबीबीने आणि इतर बायकांनी तिला झग्यासारखा भरलेला एक कोट शिवून पाठवला आहे. तो कुणी चोरला तर गावभर ओळखू येईल. सब्झल आता विहिरीत उतरत नाही, गुडघे ऐकत नाहीत. दर शुक्रवारी टेकाडावर जातो, पण आता थर्मास घेऊन.

"कशी आहेस पोरी?"

"खैर आहे अब्बा."

मग तो फोन कानाला तसाच धरून एका हाताने चहा ओततो, फुंकर घालून घोट घोट पितो. तिकडे ती थांबते. तिच्याकडूनही कप ठेवल्याचा आवाज येतो म्हणतात. मी ऐकलेला नाही. इकडे मागे रांग खोळंबलेली असते.

"ओ सब्झल," परवा दूरबीबी ओरडली, "विचारायचं असेल तर विचार, नाहीतर फोन दे! माझा चहा घरी गार होतोय."

त्याने हात वर करून तिला थांबवलं, पेला कबरीच्या कडेवर ठेवला, आणि विचारलं.